वाढीव खोलीचं सपाट छप्पर आणि साचणारं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराला जोडून काढलेल्या खोलीवर बहुधा सपाट छप्पर येतं. वरच्या मजल्याच्या खिडक्या अडू नयेत, बांधकामाची उंची आटोक्यात राहावी, पुढेमागे वर बसता यावं, अशी त्याची कारणं असतात आणि ती रास्तच आहेत. दोन-चार पावसांनंतर मात्र त्यावर डबकं दिसू लागतं, आणि पहिला प्रश्न येतो, "कुठलं वॉटरप्रूफिंग करू?" त्याच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न म्हणजे पाण्याला खाली उतरायला वाट आहे का. खालची बहुतेक उत्तरं फिरून त्याच प्रश्नाशी येतात.

सपाट छप्पर म्हणजे सपाटच ना? मग त्याला ढाळ कसला?

सपाट हे नाव लांबून दिसणाऱ्या रूपावरून पडलंय. चांगलं सपाट छप्पर कधीच तंतोतंत सपाट नसतं. काम पूर्ण झाल्यावर निदान ८० ला १ इतका ढाळ मिळायला हवा, म्हणजे दर मीटरला साडेबारा मिलिमीटर उतार. चार मीटर लांबीच्या छपरावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ५० मिलिमीटर. डोळ्यांना हा उतार जाणवतही नाही, पण पाण्याला तो पुरतो.

मिळवायचा ८० ला १ असला तरी आखताना ४० ला १ धरावा. ही अतिसावधगिरी नाही. शटरिंग थोडं दबतं, गवंड्याचा हात कुठे पाच मिलिमीटर जास्त लागतो, स्लॅब स्वतःच्या वजनाने खाली येतो. या सगळ्या चुका बहुतेक वेळा ढाळ कमीच करतात. कागदावर ८० ला १ लिहिलं की प्रत्यक्षात कुठे २०० ला १ मिळतो आणि कुठे चक्क उलटा.

अजून एक गोष्ट नकाशात सहसा सुटते. दोन बाजूंनी येणारे ढाळ कोपऱ्याकडे तिरक्या रेषेत मिळत असतील, तर त्या मिळणीच्या रेषेवरचा उतार दोन्ही ढाळांपेक्षा कमी असतो. दोन्हीकडून ८० ला १ दिलात तर रेषेवर जेमतेम ११३ ला १ उरतो. पाणी आधी तिथेच रेंगाळतं.

पाणी थोडं तर राहणारच. किती राहिलं की काळजी करायची?

पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावर ४८ तासांनीही पाणी उभं असेल, तर ते साचलेलं पाणी समजायचं. या व्यवसायात हीच मोजणी सर्रास वापरली जाते. संततधार चालू असताना तिसऱ्या दिवशी पाणी दिसलं तर त्यावरून काही ठरवता येत नाही. चांगली उघडीप मिळाल्यावर बघा.

बघताना नुसती नजर टाकू नका. डबक्याच्या कडेने खडूने रेघ ओढा, सर्वांत खोल जागी पट्टी उभी धरून खोली लिहून ठेवा, फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पाणी आटून जिथे आलं असेल तिथे पुन्हा रेघ ओढा. दोन-तीन रेघा झाल्या की छपराचा चढउतार तुमच्यासमोर नकाशासारखा उभा राहतो, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाशी बोलताना "इथे कुठेतरी साचतं" असं मोघम सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी तीच रेघ बाहेर सरकलेली दिसली तर छप्पर वाकतंय, आणि तेव्हा थांबू नये.

तीन-चार मिलिमीटरचा पातळ थर दुपारच्या उन्हात उडून जात असेल तर त्याच्यासाठी छप्पर फोडू नका.

साचलेल्या पाण्याने नेमकं बिघडतं तरी काय?

आधी वजन. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. पाच मीटर बाय चार मीटरच्या छपरावर सरासरी ४० मिलिमीटर पाणी तुंबलं तर ८०० किलो, म्हणजे चौरस मीटरला ४० किलो भार झाला. ज्या छपरावर फक्त दुरुस्तीपुरतं चढायचं असतं, ते चौरस मीटरला ६० ते ७५ किलोच्या आसपासचा भार धरून काढण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. इथे एकट्या पाण्यानेच त्यातला मोठा हिस्सा खाल्ला. हलक्या छपरांमध्ये याहून वाईट घडतं. पाण्याच्या भाराने छप्पर वाकतं, वाकल्याने खड्डा खोल होतो, खोल खड्ड्यात जास्त पाणी मावतं, त्याने छप्पर आणखी वाकतं. ही साखळी एकदा सुरू झाली की मोठ्या पावसात छप्पर कोसळूही शकतं.

मग गळती. टाचणीएवढं भोक उतारावर असेल तर पाणी त्यावरून निघून जातं, आत थेंब-दोन थेंब जातात. तेच भोक डबक्याच्या तळाशी असेल तर डबकं आटेपर्यंत ते आत पाणी ओतत राहतं. भोक तेवढंच असतं, पण पाण्याला मिळणारा वेळ कितीतरी पटींनी वाढलेला असतो.

वरचा लेपही झिजतो. पाण्यात मिसळून लावायचे ॲक्रिलिकचे लेप कायम पाण्याखाली राहिले की मऊ पडतात, फुगतात आणि सुटतात. पॉलियुरेथेन, ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर, पीव्हीसी यांची सहनशक्ती जास्त असते. तरीही हमीपत्र नीट वाचा. साचलेल्या पाण्याखालचा भाग हमीतून वगळलेला पुष्कळदा सापडतो. शिवाय डबक्याच्या कडेला ऊन आणि गारवा यांची सीमा असते. पाण्याखालचा भाग थंड, बाजूचा तापलेला, आणि त्या ताणाने लेपाला कडेकडेनेच तडे जातात.

धूळ आणि पालापाचोळा डबक्यात बसतो, त्याचा गाळ होतो, गाळात शेवाळ आणि मग रोपं येतात. वड-पिंपळासारख्या झाडांचं एखादं रोप कोबा फोडायला पुरेसं असतं. आणि डास. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, आठवडाभर टिकणारं डबकं त्यासाठी पुरतं. गोठणाऱ्या थंडीच्या प्रदेशात तर तड्यात शिरलेलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि तडा रुंद करतं.

खोली नवी आहे, तीन वर्षंही झाली नाहीत. तरी मधोमध डबकं का?

कारण काँक्रीटचा स्लॅब ओतल्या दिवसाच्या आकारात राहत नाही. शटरिंग काढल्यावर तो थोडा वाकतो, आणि कायमच्या भाराखाली पुढची काही वर्षं सावकाश वाकत राहतो. सुरुवातीला जेवढा वाकला त्याच्या दुप्पट-तिप्पट वाक शेवटी होणं हे काँक्रीटच्या स्वभावातच आहे. शटरिंग लवकर काढलं असेल तर आणखी. म्हणून पहिल्या वर्षी छप्पर व्यवस्थित निचरा होणारं असतं आणि तिसऱ्या वर्षी मधे तळं साचतं.

यात भर घालणारी एक चूक मला जवळपास दर दुसऱ्या छपरावर दिसते. पाइप भिंतीला किंवा खांबाला लागून खाली न्यायचा म्हणून आउटलेट खांबाजवळ ठेवतात. खांबाजवळ स्लॅब वाकत नाही, वाकतो तो मधे. म्हणजे पाणी बाहेर जायचं तोंड छपरातल्या सर्वांत ताठ, पर्यायाने सर्वांत उंच राहणाऱ्या जागी! पाइप भिंतीलगत हवा असेल तर हरकत नाही, पण मग मधला वाक वजा जाऊन उरेल एवढा जास्तीचा ढाळ त्या दिशेने द्यायलाच हवा.

दुसरं कारण आउटलेटच्या तोंडाशीच असतं. दर काही वर्षांनी वॉटरप्रूफिंगचा नवा थर चढतो, प्रत्येक थर आउटलेटमध्ये दुमडला जातो, आणि त्या दुमडीची तिथे गोल वरंबी तयार होते. दहा-पंधरा मिलिमीटरची वरंबी म्हणजे अख्ख्या छपरावर तेवढं पाणी अडवणारा बंधारा. आउटलेटचं तोंड भोवतालच्या पातळीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली, बशीसारख्या खोलगटात बसवलेलं असलं की हा प्रश्न येत नाही.

तिसरं कारण पायाखाली असतं. जुनं घर खचायचं तेवढं खचून स्थिर झालेलं असतं, नवी खोली मात्र अजून बसत असते. बाहेरची बाजू खाली गेली आणि ढाळ बाहेरच्या दिशेने असेल तर बिघडत नाही. ढाळ आडवा किंवा घराकडे असेल तर तो बिघडतो. तेव्हा छपरावरचं डबकं बघताना एकदा खाली उतरून भिंतींना तिरके तडे गेलेत का तेही पाहा.

जुन्या भिंतीला जिथे नवा स्लॅब भिडतो, नेमकी तिथेच ओल का येते?

दोन वेगळ्या वयाची बांधकामं तिथे एकमेकांना टेकतात. त्यांचं खचणं वेगळं, तापून फुगणं वेगळं. मधल्या सांध्यात सिमेंटचा मसाला भरला तर तो केसासारख्या चिरेने हमखास उघडतो. ती चीर बुजवली की शेजारी दुसरी येते. हा सांधा हलणारच असं धरून चालायला हवं.

म्हणून सांध्यात ताणला-दाबला जाणारा सीलंट आणि त्यावर पाणी अडवणारं आवरण, असं दुहेरी काम लागतं. छपरावरचं वॉटरप्रूफिंग भिंतीपाशी थांबवू नका. कोपऱ्यात ५० ते ७५ मिलिमीटरचा मसाल्याचा गोलसर वाटा (गोलाई) मारा आणि ते भिंतीवर चढवा. तयार छपराच्या पातळीपासून १५० मिलिमीटर उंचीपर्यंत तरी ते गेलं पाहिजे. कोपरा काटकोनात ठेवलात तर तिथे वॉटरप्रूफिंगचा पडदा दुमडतो, दुमडीत पोकळी राहते आणि कधीतरी कुणाच्या तरी टाचेखाली तो फाटतो.

वरची कड नुसती चिकटवून सोडणं ही या सांध्यातली सर्वांत घातक कसूर आहे. जुन्या भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या कडेमागे शिरतं आणि पडद्याच्या पाठीमागून खोलीत उतरतं. वर कितीही महागडं काम केलेलं असो, पाणी आलेलं असतं मागच्या दाराने. भिंतीत २५ मिलिमीटर खोल आडवी खाच कापून त्यात धातूची पट्टी बसवावी, तिने पडद्याची वरची कड छत्रीसारखी झाकावी. पट्टी भिंतीशी जोडलेली आणि पडदा स्लॅबशी, दोन्ही एकमेकांवरून सरकू शकतील असे. मग घर आपल्या जागी हलो, खोली आपल्या जागी.

वरच्या मजल्यावरून या छपरावर उघडणारं दार असेल तर उंबऱ्याखालीही तेवढीच उंची लागते. नंतर ढाळासाठी थर वाढवले की उंबऱ्याची उंची मुकाट्याने कमी होत जाते, आणि एका रात्री पाणी दारातून आत येतं.

आउटलेट किती आणि केवढी हवीत?

हिशेब सोपा आहे. तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल तर २० चौरस मीटरवर तासाला २००० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ लिटर पाणी पडतं. या वेगाला ७५ मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप साधारण २० चौरस मीटरचं आणि १०० मिलिमीटरचा साधारण ४० चौरस मीटरचं पाणी नेतो असा ठोकताळा आहे.

वाढीव खोलीच्या बाबतीत फसगत होते ती क्षेत्रफळ मोजताना. शेजारी घराची उंच भिंत उभी असते, आणि वाऱ्यासोबत तिरका येणारा पाऊस त्या भिंतीवर आपटून खाली तुमच्याच छपरावर उतरतो. म्हणून वर उभ्या असलेल्या भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ हिशेबात मिळवायचं असतं. पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच भिंत असेल तर साडेसात चौरस मीटर वाढले. २० चे साडेसत्तावीस झाले आणि ७५ चा पाइप अपुरा पडला. घराच्या वरच्या छपराचा पाइपही याच छपरावर मोकळा सोडलेला असेल तर ते सगळं क्षेत्रफळही मिळवा. खरं म्हणजे तो पाइप मोकळा सोडूच नका, थेट जमिनीपर्यंत न्या. एका जागी धारेने पडणारं पाणी वॉटरप्रूफिंग खरवडून काढतं.

आकार हिशेबात बसला तरी आउटलेट दोन असावीत. एकावर एखादी प्लॅस्टिकची पिशवी येऊन बसली तर दुसरं चालू राहतं. जाळी घुमटासारखी उंच घ्या. चपटी जाळी चार ओल्या पानांनी बंद होते.

दोन आउटलेट असली तर वर ओव्हरफ्लो कशाला?

कारण दोन्ही एकाच दिवशी, एकाच वादळात तुंबू शकतात. कठडा असलेलं छप्पर म्हणजे काठ असलेली परात. तोंडं बंद झाली की ती कठड्यापर्यंत भरते, किंवा त्याआधी उंबरा ओलांडते. कठड्यातून आरपार एक आडवं भोक किंवा पाइपचा तुकडा ठेवा. त्याची पातळी आउटलेटपेक्षा काही सेंटीमीटर वर आणि दाराच्या उंबऱ्यापेक्षा नक्की खाली हवी. बाहेर तो निदान १०० ते १५० मिलिमीटर पुढे काढा, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळत येतं.

त्याचं तोंड लोकांना दिसेल अशाच बाजूला, शक्यतो येण्याजाण्याच्या वाटेवरून नजरेस पडेल असं ठेवा. तिथून धार लागली म्हणजे मुख्य वाट बंद झाली, हे वर न चढता कळतं. हा सगळा खटाटोप म्हणजे एका पाइपचा तुकडा. तो नसल्याने छत खाली आलेली घरं आहेत, म्हणून यावर मी जरा जास्तच आग्रही आहे.

पाणी कुठल्या बाजूला न्यावं?

घरापासून दूर. लहान खोलीसाठी सर्वांत भरवशाची रचना म्हणजे एकाच दिशेने ढाळ, बाहेरच्या कडेला कठडा नाही, आणि पूर्ण कडेने पन्हळ. पन्हळ तुंबली तरी पाणी बाहेरच सांडतं, आत येत नाही. कडेच्या खालच्या अंगाला थेंब तुटण्यासाठी खाच ठेवायला विसरू नका.

घराच्या भिंतीकडे ढाळ देऊन तिथे मधली पन्हळ करणं शक्यतो टाळाच. आणि पाइप भिंतीत किंवा खोलीच्या आतून लपवून नेणं तर मुळीच नको. तो गळू लागला की कळतं तेव्हा भिंत आतून भिजून गेलेली असते.

साचणाऱ्या जागेवर वॉटरप्रूफिंगचा एक हात मारला तर चालेल का?

गळती काही काळ थांबेल, डबकं तिथेच राहील. पाणी हटवायचं काम रसायनाचं नाही. पाणी कायम उभं राहणार हे माहीत असूनही ढाळ बदलणं शक्य नसेल, तर निदान पाण्याखाली टिकणारा प्रकार निवडा आणि विक्रेत्याकडून "साचलेल्या पाण्याखाली चालेल" हे शब्द लेखी घ्या. ओल्या किंवा दमट पृष्ठभागावर घाईने लावलेला लेप फुगतो, हे मात्र सगळ्याच प्रकारांना लागू.

मग वर नवा थर टाकून ढाळ काढून घेतला तर?

उपाय बरोबर आहे, पण वजनाचा हिशेब केल्याशिवाय करू नका. पाच बाय चार मीटरच्या छपरावर पातळ टोकाला २० आणि जाड टोकाला ७० मिलिमीटर असा मसाल्याचा थर दिला, तर सरासरी ४५ मिलिमीटर जाडी होते. म्हणजे ०.९ घनमीटर मसाला, आणि त्याचं वजन दोन टनांच्या जवळपास! ८०० किलो पाणी हटवण्यासाठी दोन टन कायमचे वर ठेवले, असा हा व्यवहार होतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा याहून जाड असतो. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर दुसरा टाकलेली छपरं मी पाहिली आहेत. तो भार स्लॅबला वाकवतो, आणि नव्या कोब्यावर काही वर्षांत पुन्हा डबकं येतं. कोबाच करायचा असेल तर आधीचा काढून टाका.

हलका पर्याय म्हणजे उतरत्या जाडीचे इन्सुलेशन बोर्ड. ते कारखान्यातच ठरलेल्या ढाळाने कापून येतात. एक घनमीटर बोर्डचं वजन साधारण ३० ते ३५ किलो, त्यामुळे आधीच्याच उदाहरणातल्या छपराला ढाळ देताना बोर्डचा भार पन्नास किलोच्या आत राहतो. वर वॉटरप्रूफिंगचा पडदा येतो आणि खोली उन्हाळ्यात थंडही राहते. वाऱ्याने उचललं जाऊ नये म्हणून बोर्ड नीट चिकटवणं किंवा ठोकून बसवणं आवश्यक आहे, आणि भिंतीवरची १५० मिलिमीटरची उंची नव्या पातळीपासून पुन्हा मोजायला हवी.

डबकं एकच असेल आणि दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा खोल नसेल, तर तेवढाच खळगा पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून वरून वॉटरप्रूफिंग करणं पुरतं. अट एकच: भरल्यावर पाणी आउटलेटकडे जातंय ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहा. नाहीतर डबकं फक्त हातभर बाजूला सरकतं.

त्यापेक्षा डबक्यातच भोक पाडून नवं आउटलेट दिलं तर?

अनेकदा हाच सर्वांत स्वस्त आणि नेमका इलाज असतो. स्लॅबने आपणहून दाखवलेल्या सखल जागी तोंड द्यायचं. पण हातोडा-छिन्नीने फोडू नका, कोअर कटरने गोल भोक घ्या. त्याआधी खालून तुळई कुठून जाते आणि सळया कुठे आहेत हे यंत्राने तपासून घ्या. तुळईला भोक पाडायचं नाही. आधीच ताण दिलेल्या केबलचा स्लॅब असेल तर अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय ड्रिलसुद्धा लावू नका. एक अडचण उरतेच: पाइप खोलीच्या छतातून खाली येईल. तो छताखालून बाहेरच्या भिंतीपर्यंत उताराने न्यावा लागतो आणि त्याचे सांधे पुढे तपासता येतील असे उघडे ठेवावे लागतात.

आमचं छप्पर लाकडी वाशांवर किंवा धातूच्या डेकवर (नालीदार पत्र्यावर) आहे. हेच सगळं लागू का?

तत्त्व तेच, घाई जास्त. लाकूड वाळताना आक्रसतं, ओलं झालं की कुजतं, आणि वाकण्याची साखळी हलक्या छपरातच लवकर सुरू होते. चालताना पायाखाली लवचीक लागत असेल तर त्यावर चालणं थांबवा, खालची फळी भिजून मऊ झालेली असू शकते. इथे ढाळ वरून थर चढवून देऊ नये. वाशांवर पाचरीसारख्या उतरत्या पट्ट्या ठोकून तो सांगाड्यातच द्यावा.

पाणी भरून चाचणी घ्यावी का?

काँक्रीटच्या स्लॅबवर नवं वॉटरप्रूफिंग झालं की घ्यावी, वरचे थर आणि फरशी बसवायच्या आधी. आउटलेट बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी २४ ते ७२ तास उभं ठेवतात आणि खालून ओल येते का पाहतात. पातळी खुणेने नोंदवा, बाष्पीभवनाने थोडी उतरणारच. ५० मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, हे विसरू नका. पाऊस येण्याची चिन्हं असतील तर चाचणी पुढे ढकला. लाकडी किंवा जुन्या, वाकलेल्या छपरावर ही चाचणी घेऊच नये. तिथे पाण्याची नळी वापरा. सर्वांत खालच्या भागापासून सुरू करून एकेका भागावर वीस-तीस मिनिटं पाणी सोडत वर जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

चाचणी संपल्यावर आउटलेटमधला बोळा काढायचा राहिला तर तेच नवं संकट. तो काढण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने ठरवून ठेवा.

छताला ओल आहे, पण वर तर पाणी साचत नाही. हे काय?

ओल पाऊस नसतानाही, थंडीत सकाळी येत असेल तर ती खोलीतली वाफ थंड छताला लागून जमलेलं पाणी असू शकतं. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाढीव खोलीत असेल तर शक्यता जास्त. जुन्या भिंतीतून जाणारा नळाचा पाइपही तपासा. मुख्य झडप बंद ठेवून मीटरचा काटा फिरतो का ते पाहिलं तर मीटर आणि झडप यांमधली गळती कळते. झडप उघडी आणि घरातले सगळे नळ बंद असताना काटा फिरला तर गळती आतल्या पाइपात आहे. छतावर ओल जिथे दिसते तिथेच वर भोक असेल असंही नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी बरंच अंतर चालून मग उतरतं.

वर टाकी, कुंड्या, सौर पॅनेल ठेवायचे आहेत.

ठेवा, पण त्यांचे पाय पाण्याच्या वाटेत आडवे येऊ देऊ नका. सलग लांब ओटा बांधण्याऐवजी सुटे पाय द्या, मधून पाणी जाईल. छपरावरून आडवे टाकलेले पाइप आणि केबल वर उचलून घ्या. एसीच्या पाण्याची नळी थेट आउटलेटजवळ सोडा. तिच्या थेंबाथेंबाने भर उन्हाळ्यातही शेवाळ टिकून राहतं. आणि स्टँडसाठी स्लॅबला बोल्ट ठोकण्याआधी वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला बोलवा.

साफसफाई किती वेळा?

पावसाळ्याआधी आणि पानगळीनंतर नक्की, आणि मोठ्या वादळानंतर दर वेळी. जवळ झाड असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा. गाळ हाताने किंवा प्लॅस्टिकच्या फावड्याने काढा, लोखंडी सळईने आउटलेट कोचू नका. शेवाळावर पाय घसरतो आणि वाढीव खोलीला कित्येकदा कठडाही नसतो, म्हणून ओल्यात आणि एकट्याने चढू नका.

पाइपातून खाली उतरलेलं पाणी सोडायचं कुठे?

हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. पाइप भिंतीच्या पायाशी मोकळा सोडला तर ते पाणी नेमकं नव्या पायाखालची माती मऊ करतं. माती बसली की खोली खचते, खोली खचली की छपराचा ढाळ बिघडतो, आणि तुम्ही वर जाऊन वॉटरप्रूफिंगला दोष देत बसता. पाणी बंद नळीने घरापासून दूर, शोषखड्ड्यात, साठवण टाकीत किंवा पावसाळी गटारात न्या. सांडपाण्याच्या गटाराला जोडू नका. अनेक ठिकाणी ते नियमबाह्य आहे, आणि मुसळधार पावसात ते गटार भरलं की मैलापाणी उलटं घरात येतं. शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी सोडण्याचा विचारही नको.

स्लॅब पडण्याआधी कंत्राटदाराकडून काय पक्कं करून घेऊ?

ढाळ सांगाड्यातच द्यायचा की वरून, आणि किती, हे आकड्यांत. आउटलेटच्या जागा नकाशावर, शटरिंग लागण्याआधी. शटरिंग लागल्यावर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांच्या पातळ्या स्वतः ताडून पाहा; चार मीटरला ४० ला १ म्हणजे १०० मिलिमीटर फरक दिसायला हवा. "नंतर कोब्यात काढू ढाळ" हे उत्तर स्वीकारायचं असेल तर त्या कोब्याचं वजन स्लॅबच्या हिशेबात धरलंय का, ते अभियंत्याला विचारा. ओतण्याच्या दिवशी हजर राहा. आउटलेटचं तोंड काँक्रीटमध्ये वर उचललं जाण्याची चूक त्याच तासाभरात होते आणि त्याच तासाभरात फुकटात सुधारते.

आत्ता पाऊस पडतोय आणि छतातून पाणी टपकतंय. काय करू?

त्या खोलीची वीज मुख्य बटणावरून बंद करा, विशेषतः दिव्याच्या जागेतून पाणी येत असेल तर. सामान बाजूला, खाली बादली. जिप्सम बोर्डचं छत फुगून खाली आलं असेल तर अख्खा तुकडा कोसळण्याआधी बाजूला उभं राहून सर्वांत खालच्या जागी लहानसं भोक पाडा आणि पाणी बादलीत उतरू द्या. विजा कडाडत असताना वर जाऊ नका. पाऊस ओसरल्यावर, दुसरं कुणीतरी शिडी धरून उभं असताना, चढून आउटलेटवरचा कचरा काढा. स्लॅब खालून नेहमीपेक्षा वाकलेला दिसत असेल, छतातून आवाज येत असतील किंवा भिंतीला नवा तडा दिसला असेल, तर वर चढायचं नाही. त्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि अभियंत्याने पाहिल्याशिवाय कुणालाही आत जाऊ देऊ नका.